बुडालेल्या दिवसाचे भाडे

घरखर्चाचा मेळ कसा बसवावा याविषयीचा उपदेश आपल्याकडे अलीकडे फार स्वस्त झाला आहे. उत्पन्नाचे भाग पाडावेत, अनावश्यक खर्चाला कात्री लावावी, जाण्यायेण्याचा खर्च आटोपशीर ठेवावा, असे हा उपदेश सांगतो. ज्यांना दरमहा ठरल्या तारखेला पगार मिळतो आणि राहण्याची जागा नोकरीच्या सोयीने निवडता येते, त्यांच्यापुरता तो ठीक असेल. चंद्रपूर जिल्ह्यातील पोंभुर्णा तालुक्यातल्या भूमिहीन शेतमजुराच्या घरी मात्र त्याचा काडीइतका उपयोग नाही. त्या घरातील प्रवासखर्च घरच्या माणसांनी ठरवलेला नसतो. इस्पितळ कोठे बांधायचे, कचेरी कोठे ठेवायची, गाडी किती वाजता सोडायची हे ज्यांनी ठरवले, त्यांनी तो ठरवलेला असतो.

पोंभुर्णा हा भातशेतीचा आणि जंगलाचा मुलूख. तेथे रेल्वे नाही. गोंदिया-बल्लारपूर लोहमार्ग मूलवरून जातो, म्हणजे स्वस्तातल्या आगगाडीपर्यंत पोचण्यासाठीदेखील आधी मोटारीचे भाडे मोजावे लागते. तालुक्याचे ठिकाण झाल्यामुळे तहसीलदार जवळ आले हे खरे. परंतु जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद आणि २०१५ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय चंद्रपुरात आहे, आणि २०११ साली स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीत. दुखणे, दाखला आणि पदवी या तिन्ही गोष्टींचा अखेरचा थांबा असा तालुक्याबाहेर आहे.

आता देशाच्या आकड्यांकडे पाहावे. २०२३-२४ च्या केंद्र सरकारच्या उपभोगखर्च पाहणीनुसार ग्रामीण भारतात दरडोई मासिक खर्च ४,१२२ रुपये होता. त्यात तृणधान्यांचा वाटा ४.९९ टक्के आणि वाहतुकीचा ७.५९ टक्के. २०११-१२ साली हेच वाटे अनुक्रमे १०.६९ आणि सुमारे ४.२ टक्के होते. बारा वर्षांत खेडुताचा प्रवास त्याच्या तांदूळ-गव्हाहून महाग झाला! अन्नावरील खर्चाचे प्रमाण घटणे हे सुबत्तेचे लक्षण, असा एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली मांडलेला नियम अर्थशास्त्राचे विद्यार्थी पाठ करतात. तो नियम येथे जपूनच लावला पाहिजे. जानेवारी २०२३ पासून शिधापत्रिकेवरील धान्य मोफत झाले आहे आणि त्या धान्याची किंमत वरील आकड्यांत धरलेली नाही. धान्य गावात येते, बाकी सगळ्यासाठी गावाबाहेर जावे लागते, एवढाच अर्थ त्यातून निश्चितपणे निघतो.

वाहतुकीचा हा वाटा रुपयांत मांडला तर दरडोई महिन्याला सुमारे ३१३ रुपये होतो. पाच माणसांच्या घरात दीड हजारांहून थोडा अधिक. जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणींना दिले जाणारे मासिक १,५०० रुपये जवळजवळ नेमके एवढेच भरतात. ही देशाची सरासरी आहे, पोंभुर्ण्याची नव्हे. पण हाताने दिलेले पाय कसे घेऊन जातात, याची कल्पना त्यावरून यावी.

तरीही तिकिटाचा पैसा हा या खर्चाचा लहानसा भाग आहे, आणि धोरण आखणाऱ्यांच्या नजरेतून निसटते ते नेमके हेच. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर एस.टी.च्या साध्या गाडीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याला सुमारे १० रुपये झाले. पोंभुर्णा ते चंद्रपूर हे अंतर आठ टप्प्यांचे धरू. जाऊन-येऊन १६० रुपये. २०२५-२६ साठी रोजगार हमीच्या मजुरीचा महाराष्ट्रातील दर ३१२ रुपये ठरला होता. रोवणीच्या दिवसांत चंद्रपूरला गेलेल्या माणसाची तेवढी मजुरी बुडते. म्हणजे एका खेपेची खरी किंमत ४७२ रुपये. मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, आणि ही सवलत स्वागतार्हच आहे. तिने ८० रुपये वाचतात. पण बुडालेला दिवस बुडालेलाच राहतो आणि एकूण भुर्दंड जेमतेम सहाव्या भागाने कमी होतो. हीच बाई सकाळच्या गाडीने जाऊन दुपारपर्यंत परतू शकली आणि उरलेला अर्धा दिवस बांधीत उभी राहू शकली, तर १५६ रुपये वाचतील. वेळेवर सुटणारी गाडी अर्ध्या तिकिटापेक्षा दुपटीने मोलाची आहे, आणि रोग्याबरोबर सोबतीला माणूस न्यावा लागत असेल तर हिशेब आणखी चढतो.

सवलतींच्या घोषणा होत असताना गाड्यांचे काय झाले? दशकापूर्वी महामंडळाकडे अठरा हजारांच्या आसपास गाड्या होत्या. अलीकडच्या वर्षांत त्या पंधरा हजारांच्या घरात आल्या. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या कर्मचाऱ्यांच्या संपाने खेड्यांची वाहतूक ठप्प झाली. त्या संपामागे कामगारांची रास्त दुःखे होती. त्यांची झळ मात्र गाडीशिवाय ज्यांना दुसरा उपाय नाही त्यांना लागली. याच महामंडळाच्या तिकिटावर राज्य शासन वर्षानुवर्षे साडेसतरा टक्के प्रवासी कर घेत आले. एका हाताने तूट वाढवायची आणि दुसऱ्या हाताने तुटीबद्दल महामंडळाला दोष द्यायचा, असा हा व्यवहार.

गाडी नसेल तिथे काळीपिवळी येते. ती भरल्याशिवाय हलत नाही, म्हणजे तीही वेळच खाते. मग घरात हप्त्याची मोटारसायकल येते. तिला चैन म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की सार्वजनिक वाहतुकीवर शासनाने जो भांडवली खर्च करावयाचा, तो येथे मजूर कर्ज काढून स्वतः करतो; आणि २०२१ पासून शंभर रुपयांच्या वर गेलेल्या लिटरभर पेट्रोलमागे केंद्राचे शुल्क आणि राज्याचा कर वर भरतो. उद्योगपतीच्या आणि त्याच्या पेट्रोलला कराचा दर एकच. मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जाणाऱ्या बाया ज्या खच्चून भरलेल्या मालवाहू गाड्यांतून जातात, त्यांचा तर कोणत्याच वेळापत्रकात पत्ता नाही.

१९६२ साली नियोजन मंडळाच्या अभ्यासगटाने दरमहा दरडोई २० रुपयांची किमान जीवनमानाची रेषा आखली, तेव्हा शिक्षण व आरोग्याचा खर्च शासन करील असे गृहीत धरून तो वगळला होता. शासनाने शाळा आणि दवाखाना दिलाही असे मानले, तरी तिथवर पोचण्याचे भाडे कोणाच्या खाती मांडायचे, हा प्रश्न तेव्हाही कोणाला पडला नाही. अंतराची किंमत कायद्याला कळत नाही असे मात्र नव्हे. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने काम गावापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे असल्यास दहा टक्के जादा मजुरी ठरवली होती. चंद्रपूरहून पोंभुर्ण्याला तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याला प्रवासभत्ता मिळतो आणि तो दिवस त्याच्या पगारात धरला जातो. उलट दिशेने त्याच्याच कचेरीत जाणाऱ्या मजुराचा दिवस कोणी धरत नाही.

तेव्हा नव्या सवलतीची मागणी करण्यापूर्वी तालुक्यातील ग्रामसभांनी वेळापत्रकाची मागणी करावी. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाची वेळ गाठणारी सकाळची गाडी, दुपारी परतणारी दुसरी, आणि महाविद्यालय सुटल्यावर मुलींना घेऊन येणारी तिसरी. बारावीपर्यंत मुलींचा प्रवास मोफत आहे. पुढे मासिक पासाची सवलत आहे. पण संध्याकाळची शेवटची गाडी चुकते म्हणून ज्या घरांत पदवीचे शिक्षण सुटते, तेथे हा पास पेटीत पडून राहतो. जिल्हा नियोजन समितीच्या आराखड्यात रस्त्यांसाठी दरवर्षी तरतूद असते. त्या रस्त्यांवरून कोणती गाडी किती वाजता धावणार, याचा तक्ता त्याच आराखड्याला जोडून मागावा, आणि तो रोवणीच्या आधी मागावा.