घमेलं तिच्या डोक्यावर, थापी कुणाच्या हातात?

आपल्या गावात कुठंही घराचं काम चालू असलं की तिथं बाई दिसतेच. वाळू चाळते, माल कालवते, घमेलं डोक्यावर घेऊन शिडी चढते. जवळच्या झाडाला तिच्या लेकराची झोळी टांगलेली असते. पण तिच्या हातात थापी किंवा ओळंबा पाहिलाय कधी? वीस वर्षं विटा वाहूनही ती बिगारीच राहते. तिच्याबरोबर कामाला लागलेलं मिसरूड न फुटलेलं पोर मात्र चार वर्षांत गवंडी होतं आणि रोजही वाढवून घेतं. आपल्याला त्यात वावगं वाटत नाही, कारण लहानपणापासून हेच बघत आलोय.

मला ते खुपायला लागलं ते पार अमेरिकेत. काही वर्षांपूर्वी भाचीकडे राहायला गेले होते. कॅन्सस राज्यातलं लहानसं गाव. चहूकडे गव्हाची शेतं, धान्याची उंच कोठारं आणि दोन-तीन चर्च. एके दिवशी शेजारच्या आजीबाईंनी निरोप दिला, "आज सायकलवाली मुलं चर्चमध्ये मुक्कामाला आहेत, काहीतरी करून आणा." मी बटाट्याची भाजी आणि पोळ्या घेऊन गेले. प्रत्येक घरातून एकेक पदार्थ आला होता. आपल्याकडे वारीच्या वाटेवर बायका दिंडीला पिठलं-भाकरी वाढतात ना, अगदी तसंच वाटलं.

ही मुलं 'बाइक अँड बिल्ड' या संस्थेची. या संस्थेतर्फे तरुण मुलंमुली उन्हाळ्यात अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सायकलने जायची. गट तीसेक जणांचा, अंतर सहा हजार किलोमीटरच्या आसपास, अडीच महिने. निघताना सायकलचं चाक अटलांटिक महासागरात भिजवायचं आणि पोचल्यावर पॅसिफिक महासागरात. सामान गाडीतून पुढे जायचं, रात्री चर्चच्या नाहीतर शाळेच्या हॉलमध्ये जमिनीवर पथारी. निघण्याआधी प्रत्येकानं काही हजार डॉलर वर्गणी जमवायची. आणि वाटेत काही मुक्कामांवर सायकली बाजूला ठेवून, ज्यांना घर परवडत नाही अशांची घरं बांधायला हात लावायचा.

दुसऱ्या दिवशी जवळच असं काम होतं. मीही बघायला गेले. तिथली घरं लाकडाची. जमिनीवर आडव्या फळ्या ठोकून भिंतीचा सांगाडा करायचा आणि मग सगळ्यांनी मिळून तो उभा करायचा. कामावर देखरेख करणारी एक पांढऱ्या केसांची बाई होती. गटातल्या एका काटकुळ्या मुलीला तिनं "पाणी आण" किंवा "केर काढ" असं सांगितलं नाही. मापाची टेप आणि हातोडी तिच्या हातात दिली. पहिला खिळा वाकडा गेला. बाई एवढंच म्हणाली, "काढ आणि दुसरा ठोक." दुपारी भिंत उभी राहिली, तेव्हा त्या पोरीचा चेहरा बघण्यासारखा होता.

ज्यांचं घर होतं ती दोन मुलांची आईही तिथंच काम करत होती. अशी घरं बांधणारी 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था मिलार्ड आणि लिंडा फुलर या दांपत्यानं 1976 साली सुरू केली. तिचा नियमच आहे, घर फुकट मिळत नाही. परवडतील अशा हप्त्यांनी पैसे फेडायचे आणि बांधकामावर स्वतः घाम गाळायचा. 1991 साली या संस्थेचं शार्लट शहरातलं एक घर फक्त बायकांनी बांधलं. आपल्या लोणावळ्याजवळही 2006 साली या संस्थेनं घरं बांधली. तेव्हा अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर पत्नी रोझलिन यांच्यासह कामाला आले होते, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी!

आता कुणी म्हणेल, ही तर हौस. शिकलीसवरलेली पोरं, उन्हाळा संपला की घरी जातील. आपल्या बिगारी बाईला पोटासाठी राबावं लागतं. अगदी खरं. पण म्हणूनच जास्त टोचतं. एक दिवसासाठी आलेल्या पोरीला हत्यार मिळतं आणि जिचा जन्म बांधकामावर गेला तिला नाही.

हे आपल्याकडे होत नाही असंही नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत घरं पुन्हा उभी करताना गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं त्यांना हाताशी धरलं. भूकंपात टिकणारं घर कसं बांधायचं हे त्या शिकल्या आणि इतरांना शिकवलं. 2001 साली गुजरातेत भूकंप झाला तेव्हा यातल्या काही जणी तिथल्या बायकांच्या मदतीला गेल्या. झारखंडमध्ये तर स्वच्छ भारत योजनेत शौचालयं बांधणाऱ्या बायकांना 'रानी मिस्त्री' असं नावच पडलं. म्हणजे हात तेच. शिकवायला कुणीतरी लागतं, एवढंच.

आणि प्रश्न नुसत्या मानाचा नाही, पैशाचा आहे. समान कामाला समान वेतन हा कायदा 1976 साली झाला. 2019 च्या वेतन संहितेतही तेच तत्त्व आहे. पण बाईला थापी दिलीच नाही, तर तिचं काम गवंड्याच्या 'समान' ठरणार कसं? ओझं तिनं वाहायचं आणि जास्तीचा रोज कसबाला, अशी ही सोय आहे. कायदा मोडायचीही गरज पडत नाही.

आपण काय करू शकतो? घरकुल मंजूर झालं, माडी चढवायची, नुसतं न्हाणीघर काढायचं, तेव्हा पैसे आपल्याच घरातून जातात. मग मिस्त्रीला सांगायला काय हरकत आहे, "दादा, ही एक भिंत मावशींना करू द्या. शेजारी उभं राहून शिकवा. एखादी वीट वाकडी गेली तर काढून परत लावतील." शिकून झाल्यावर ज्या दिवशी त्या थापी चालवतील, त्या दिवसाचा रोज गवंड्याचा द्या. बचत गटातल्या चारजणी मिळून कुणा जाणत्या गवंड्याकडून शिकू शकतात. आयटीआयमध्येही गवंडीकामाचा कोर्स असतो. पोरगी दहावीनंतर काय करू म्हणाली, तर ब्युटीपार्लर आणि शिवणक्लासच्या जोडीला हेही नाव घ्या.

मिस्त्री हसेल. "बाईचं काम नाही ताई," म्हणेल. तेव्हा त्याला एवढंच विचारा, भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन दोन मजले चढणं बाईचं काम आहे, मग सावलीत उभं राहून गिलावा करणं कसं नाही?