उत्तरकांड आणि उशिराचा न्याय

जत्रेचे दिवस जवळ आले की हळर्णच्या देवळात सभामंडपाच्या पायरीवर तरुणांची बैठक रात्री उशिरापर्यंत रंगते. अशा एका बैठकीत ऐकलेल्या वादाने आम्हास हा लेख लिहिण्यास भाग पाडले आहे. वाद 'स्टार वॉर्स' ह्या अमेरिकन विज्ञानपटमालिकेतील 'द लास्ट जेडाय' ह्या आठव्या भागाविषयी होता. डिसेंबर २०१७ मध्ये तो पडद्यावर आला तेव्हा ह्याच मुलांनी त्याला शिव्याशाप दिले होते. आज त्यांतील कित्येक म्हणतात, 'आम्ही चुकलो. साऱ्या मालिकेत खरे धाडस त्यानेच केले.' हा हृदयपालट हळर्णपुरता नाही. जगभरच्या चाहत्यांत अनेकांच्या तोंडी आज हीच भाषा आहे.

देवाच्या दारी असला विषय नको, असे एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तेथेच सुनावले. आमचे मत नेमके उलट आहे. ह्या वादाची मुळे पडद्याखाली नसून आपल्याच देवळाच्या वहीत आहेत, आणि तेच आज सांगावयाचे आहे.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडी हकीकत देतो. जॉर्ज लूकस यांनी १९७७ साली तिचा आरंभ केला. ल्यूक स्कायवॉकर हा तिचा नायक. दुष्ट साम्राज्याशी तो झुंजतो आणि १९८३ च्या भागात आपल्या पतित पित्यालाही सन्मार्गावर आणतो. आठव्या भागात दिग्दर्शक रायन जॉन्सन यांनी हाच नायक वृद्ध, खचलेला आणि दूरच्या एका बेटावर तोंड लपवून बसलेला दाखविला. निद्रिस्त भाच्यावर, म्हणजे आपल्याच शिष्यावर, क्षणभर शस्त्र उपसण्याचे पाप त्याच्या हातून घडलेले असते. दुसरी गोष्ट रे ह्या मुलीची. तिच्या ठायी असामान्य शक्ती. तेव्हा ती कोणत्या थोर घराण्यातली, ह्याचे तर्क प्रेक्षक दोन वर्षे लढवीत होते. उत्तर मिळाले की तिचे आईबाप कोणीच नव्हते. भंगाराचा धंदा करणारी ती माणसे दारूच्या पैशांसाठी पोर विकून मोकळी झाली होती.

एवढ्यावर आकाश कोसळले. हा भाग मूळ कथेतून रद्द करावा म्हणून सह्यांची मोहीम निघाली. केली मेरी ट्रॅन ह्या व्हिएतनामी वंशाच्या नटीवर वर्णद्वेषाची इतकी गरळ ओकली गेली की २०१८ साली तिने समाजमाध्यमावरील आपले सारे लिखाण काढून टाकले. निर्माते नमले. २०१९ च्या नवव्या भागात रे ही दुष्ट सम्राटाची नात ठरली. कुळ सापडले! शक्तीला अखेर वंशावळ मिळाली!

मग आजचा पश्चात्ताप कशाचा? पायरीवरच्या मुलांस विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच: 'नववा भाग इतका वाईट निघाला की आठवा बरा वाटू लागला.' वाचकहो, हा न्याय नव्हे. शेजाऱ्याची आमटी करपली म्हणून आपली रुचकर ठरत नाही. जे पुनर्मूल्यमापन मूळ कृतीकडे पुन्हा न पाहता केवळ तुलनेने केले जाते, ते दुसऱ्या तुलनेने उद्या पुन्हा उलटेल.

आणि उशिराच्या न्यायाला किंमत असते; ती चाहते देत नाहीत, कलावंत देतो. १९९९ च्या भागात जार जार बिंक्स हे विनोदी पात्र रंगविणारे अहमद बेस्ट यांची अशीच निर्भर्त्सना झाली. त्या काळी जीव देण्याचा विचार मनात आला होता, असे त्यांनी २०१८ साली स्वतः सांगितले. २०२३ मध्ये त्याच मालिकेच्या एका कथेत ते पुन्हा दिसले आणि प्रेक्षकांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले. स्वागत झाले हे उत्तमच. पण मधली चोवीस वर्षे त्यांना कोण परत देणार?

आता मूळ आक्षेपाकडे वळू. नायक पडलेला दाखविला, हा पहिला. पुराण ऐकत वाढलेल्या माणसाने हा आक्षेप घ्यावा, ह्याचे आम्हास नवल वाटते. मौसलपर्वातला अर्जुन आठवा. ज्या गांडीवाने कुरुक्षेत्र गाजविले, ते यादवस्त्रियांच्या रक्षणासाठी धड पेलेना, भाते रिकामे झाले आणि लाठ्या घेतलेल्या लुटारूंनी त्याच्या देखत स्त्रिया पळविल्या. द्रोणांशी अर्धसत्य बोलताच धर्मराजाचा अधांतरी चालणारा रथ भुईला टेकला. आणि उत्तरकांड? ते प्रक्षिप्त आहे म्हणून अनेक पंडितांनी बाजूला सारले. पण सीतात्यागाची ती जखम भवभूतीने 'उत्तररामचरिता'त उघडी केली नसती तर करुणरसाचे केवढे धन आपण गमावले असते! विजयानंतर नायकाचे काय होते, हे विचारणे हेच उत्तरभागाचे काम. जो तेच तेच विजय पुन्हा सांगतो, तो उत्तरभाग नव्हे, पुनरावृत्ती होय.

दुसरा आक्षेप कुळाचा, आणि हाच खरा. छांदोग्य उपनिषदात सत्यकाम गुरूकडे येतो. गोत्र विचारताच तो सांगतो की मला ते ठाऊक नाही, आईलाही ठाऊक नाही. तू सत्यापासून ढळला नाहीस, असे म्हणून गौतम त्याला जवळ करतात. २०१७ च्या चित्रपटाने जगापुढे एक सत्यकाम उभा केला. २०१९ च्या चित्रपटाने त्याच्या गळ्यात खोटे गोत्र अडकविले. आमची मुले आज पहिल्याची बाजू घेतात, ह्याचा आम्हास आनंद आहे. पण त्यांना आणि त्यांच्या वडिलांना आमचा प्रश्न आहे: आपल्या देवळात सत्यकामाला जागा कोणती?

पोर्तुगीज अमलातील १८८६ व १९३३ च्या नियमावल्यांनी ज्या महाजनकीला कायद्याचे रूप दिले, ती बापाकडून मुलाकडे जाते. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे मास्टर दीनानाथ ही रत्ने ज्या कलावंत समाजातून आली, त्याच्याकडून देवळांनी पिढ्यान्‌पिढ्या गाणे घेतले, नाचणे घेतले. महाजनांच्या वहीत मात्र त्याचे नाव लिहिले नाही. त्यांची थोरवी आम्ही मान्य केली ती मुंबईने त्यांस डोक्यावर घेतल्यानंतर. आमचे पुनर्मूल्यमापनही असेच उशिराचे!

कुळाचा महिमा काय असतो, हे हळर्णकरांइतके कोणास ठाऊक असावे? १७४६ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून आमचा किल्ला पोर्तुगीजांनी जिंकला, आणि विजरईला गावाच्या नावावरून 'मार्किस द अलोर्ना' हा किताब मिळाला. तो पुढे त्याच्या वंशात चालला. शापोरेचा काठ कधीही न पाहिलेली माणसे लिस्बनमध्ये आमच्या गावाचे नाव मिरवीत राहिली. ह्याचे नाव वंशपरंपरा!

कोणी म्हणेल, रसिकाला नापसंतीचा अधिकार नाही काय? आहे, अवश्य आहे. त्या चित्रपटातील जुगारनगरीचे प्रकरण लांबलेले आहे आणि काही विनोद अस्थानी आहेत, हे आम्हीही म्हणू. परंतु नापसंतीची रीत आपल्या धयकाल्याच्या प्रेक्षकाकडून शिकावी. आख्यान रंगले नाही तर तो घोंगडी ओढून झोपतो, किंवा उठून खाज्याच्या दुकानाशी गप्पा मारतो. त्या राजाला पुराणातून काढून टाका, असे म्हणत नाही. पहाटे रंग भरला तर तोच मान डोलावतो. त्याचे पुनर्मूल्यमापन त्याच रात्री होते, नट अजून रंगवलेल्या तोंडाने समोर उभा असताना.

'द लास्ट जेडाय'च्या अखेरीस तबेल्यात राबणारा एक निनावी पोर हात पुढे करतो आणि झाडू आपसूक त्याच्या हाती येतो. ते दृश्य आज ज्यांना आवडू लागले आहे, त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. येत्या जत्रेत असा पोर आपल्याच चौकात उभा राहील. त्याचे आडनाव वहीत नसेल, गळा मात्र सुरेल असेल. तेव्हा त्याच्या बापाचे नाव विचारू नका. त्याला पुढे बसवा, आणि ते त्याच रात्री करा. आठ वर्षांनी नको.