गाण्यावर पोट भरतें काय ?

गेल्या महिन्यांत एका सायंकाळीं आमचे एक परिचित गृहस्थ आमच्याकडे आले. चहा झाला, हवापाण्याच्या गोष्टी झाल्या, आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसून ते म्हणाले, "मास्तर, आमची धाकटी संगीत विशारद झाली. पुढें गाण्यांतच राहावयाचें म्हणते. बी. कॉम. अर्ध्यावर सोडण्याची भाषा बोलते. तुम्ही तिला चार शब्द सांगा." ते चार शब्द कोणते, हें त्यांनीं उघड केलें नाहीं, परंतु सारा जन्म पालकांशीं बोलण्यांत गेल्यामुळें तें आम्हांस न सांगतां कळलें. मुलीनें निमूटपणें ऐकावें आणि रोष मात्र मास्तरांवर यावा, अशी ही जुनी योजना आहे.

आम्हीं त्यांस "पुढच्या आठवड्यांत सांगतों" असें उत्तर दिलें. त्याला कारण होतें.

पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक मुलगा होता. प्रार्थनेच्या वेळीं तो गाऊं लागला कीं शाळेच्या फाटकापाशीं सायकली दुरुस्त करणारा मनुष्य हातांतला पाना खालीं ठेवी. मुलाला एका गवयाकडे ठेवावें कीं कसें, हें विचारावयास त्याचे वडील आमच्याकडे आले. आम्हीं क्षणाचाहि विचार न करतां सांगितलें, "गाण्यावर पोट भरत नाहीं. आधीं नोकरी, मग छंद." मुलानें आमचें ऐकलें. नोकरी लागली, बढती मिळाली, स्वतःचें घर झालें. कांहीं वर्षांपूर्वीं तो एका मुंजींत भेटला. जेवणें झाल्यावर मंडळींनीं गाण्याचा आग्रह केला, तेव्हां हात जोडून म्हणाला, "आतां गळा राहिला नाहीं हो." इतकें बोलून तो आमच्याकडे वळला व त्यानें वांकून नमस्कार केला. त्याच्या मनांत कांहीं किंतु नसेल. आम्हांला मात्र तो नमस्कार अजून सलतो. आमचा सल्ला चुकीचाच होता असें आम्ही आजहि म्हणत नाहीं. परंतु तो आम्हीं कसलीहि माहिती न मिळवितां दिला, हा आमचा अपराध खरा. म्हणून ह्या खेपेस आधीं थोडा शोध केला. तोच आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों, कारण हा प्रश्न आज अनेक घरांत आहे.

"नोकरी संभाळून गाणें करावें" हा आपल्या घरांतला आवडता तोडगा. त्याला आधारहि थोर आहे. तेराव्या शतकांत देवगिरीस 'संगीतरत्नाकर' लिहिणारा शार्ङ्गदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरीं हिशेबखात्याचा मुख्य अधिकारी होता. पंडित भातखंडे (१८६०-१९३६) हे वकिलीची परीक्षा दिलेले गृहस्थ. परंतु हीं उदाहरणें देतांना आपण एक गोष्ट विसरतों. हे दोघे कीर्तिमान झाले ते शास्त्रकार म्हणून. शास्त्रकाराची पोथी रात्रीं मिटून ठेवली तर सकाळीं जशीच्या तशी असते. गायकाचा गळा तसा नव्हे. गळा हें शरीर आहे. त्याला ठरल्या वेळीं, रोज, आणि दिवसांतला उत्तम प्रहर द्यावा लागतो. कचेरींतून थकून आल्यावर उरलेल्या वेळांत रसिक होतां येतें, मैफलीचा गवई क्वचितच होतां येतें. तेव्हां प्रश्न छंदाचा आहे कीं व्यवसायाचा, हें आधीं ठरविणें बरें.

व्यवसाय म्हटला कीं विष्णु दिगंबर पलुसकरांचें चरित्र पाहिलेंच पाहिजे. कुरुंदवाडच्या एका कीर्तनकाराचा हा मुलगा १८७२ सालीं जन्मला. लहानपणीं दारूकामानें डोळ्यांस इजा झाली, त्यामुळें शाळेचें शिक्षण खुंटलें व मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ गायनाचें शिक्षण सुरू झालें. मिरज दरबारचा आश्रय होता. परंतु एका समारंभाचें बोलावणें शिष्यास आलें आणि गुरूस आलें नाहीं. गवयांची ही अप्रतिष्ठा त्यांच्या जिव्हारीं लागली, असें सांगतात. १८९६ सालीं त्यांनीं मिरज सोडली. ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, १९०८ सालीं मुंबईस शाखा उघडली. राजाच्या कृपेवर न राहतां लोकांच्या वर्गणीवर, जाहीर जलशांच्या तिकिटांवर आणि विद्यार्थ्यांच्या फीवर संगीत जगूं शकतें, हें त्यांनीं कृतीनें दाखविलें.

पण चरित्राचा उत्तरार्धहि वाचावा. मुंबईस त्यांनीं कर्ज काढून विद्यालयाची मोठी इमारत उभारली; कर्ज फिटलें नाहीं आणि इमारत लिलावांत गेली. १९३१ सालीं ते मिरजेसच वारले. इमारत गेली, परंतु विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बा. र. देवधर हे शिष्य राहिले. त्याच वर्षीं शिष्यांनीं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिलें, आणि प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या त्याच्या परीक्षांस आज गांवोगांवचीं मुलें बसतात. आमच्या स्नेह्यांची कन्या ज्या परीक्षेमुळें विशारद झाली ती हीच. बालगंधर्वांची कथाहि ह्या बाबतींत निराळी नाहीं. १९१३ सालीं निघालेल्या त्यांच्या मंडळीवर महाराष्ट्रानें जीव ओवाळून टाकला, तरीहि रंगभूमीच्या थाटापायीं ती कर्जांत रुतली. कलावंतांना दारिद्र्य येतें तें नेहमीं श्रोत्यांच्या अनास्थेनेंच येतें असें नव्हे. जमाखर्चाच्या वहीकडे पाठ फिरविल्यानेंहि येतें. शार्ङ्गदेवापासून आमच्या गवयांनीं स्वर घेतले. हिशेबहि घ्यावयास हवा होता.

आतां काळ किती लागतो तें पाहूं. भीमसेन जोशी यांचे वडील गुरुराज जोशी हे आमच्यासारखेच शिक्षक. १९३३ सालीं अकरा वर्षांचा भीमसेन गुरूच्या शोधांत घर सोडून पळाला. ग्वाल्हेर, दिल्ली, कलकत्ता असें भटकत तो जालंधरास पोहोंचला. तेथून वडिलांनीं त्याला घरीं आणलें. पुढें त्यांनीं केलें तें आम्हां शिक्षकांनीं व पालकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. पोराचा हट्ट मोडण्याऐवजीं त्याला जवळच कुंदगोळ येथें सवाई गंधर्वांकडे नेऊन घातलें. तेथें पाणी भरणें, घरकाम करणें आणि स्वर घोटणें यांत वर्षें गेलीं. पहिला जाहीर कार्यक्रम १९४१ सालीं, पहिली ध्वनिमुद्रिका १९४२ सालीं, मुंबई रेडिओवर काम १९४३ पासून, आणि खरें नांव झालें तें १९४६ सालीं पुण्यास गुरूंच्या षष्ट्यब्दिपूर्तीच्या समारंभांत. घर सोडल्यापासून तेरा वर्षें झालीं होतीं. भारतरत्न तर २००८ सालीं जाहीर झालें. घरून पळून जाण्याचें समर्थन आम्ही करीत नाहीं. तेरा वर्षांचा आंकडा मात्र प्रत्येक बापानें कागदावर लिहून ठेवावा.

मुलीचा प्रश्न आहे म्हणून आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितों, जरी ती आमच्या समाजास कडू लागेल. त्याच सवाई गंधर्वांच्या शिष्या गंगूबाई हनगल (१९१३-२००९). हुबळीहून आगगाडीनें कुंदगोळास जाऊन त्या शिकत. १९२४ च्या बेळगांव काँग्रेसमध्यें त्यांनीं बालवयांत स्वागतगीत म्हटलें. त्या वेळीं गाण्याची नव्हे, तर भोजनाच्या वेळीं आपणांस कोठें बसवितील याची धास्ती वाटत होती, असें त्यांनीं पुढें सांगितलें आहे. धारवाडच्या ब्राह्मणवस्तींतून जातांना ह्या मुलीला लोकांचे टोमणे ऐकावे लागत. गोमंतकांतून आलेल्या केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांच्या पिढीनेंहि अशीच अवहेलना सोसून विद्या मिळविली व राखली. आज आमच्या मुली मानानें व्यासपीठावर बसतात, तो मान त्या स्त्रियांनीं मिळवून ठेवलेला आहे. ज्यांचें गाणें आम्हीं ऐकलें आणि ज्यांना पंगतीस घेण्याचें टाळलें, त्यांचें हें ऋण आहे. "आपल्या घरांतली मुलगी गाण्यांत कशी जाणार ?" असें म्हणणाऱ्यानें तें आधीं आठवावें.

आतां आजच्या उपजीविकेकडे वळूं. आम्हीं दोन-तीन व्यवसायी कलावंतांस भेटून विचारलें. त्यांचें सांगणें असें कीं, मैफलीच्या बिदागीवर घर चालविण्याची आशा धरूं नये. मैफली येतात त्या मोसमानें. गणेशोत्सव, दिवाळी-पहाट, थांबून थांबून हिंवाळ्यांतले महोत्सव. बाकीचे महिने कोरडे. नियमित पैसा येतो तो शिकवणीचा. हल्लीं परदेशांतील विद्यार्थीहि संगणकाच्या पडद्यावरून शिकतात, त्यामुळें गांवांत राहूनहि शिकवण्या मिळूं शकतात. दुसरें साधन संगतीचें. चांगला तबलजी किंवा हार्मोनियमवाला एकाच गायकावर अवलंबून नसतो. तिसरें आकाशवाणीची श्राव्यचाचणी. तेथें 'ब', 'ब-उच्च', 'अ' व 'सर्वोच्च' अशा श्रेणी आहेत. पैसा बेताचा, पण श्रेणीची प्रतिष्ठा इतरत्र उपयोगीं पडते. चौथें महाविद्यालयांतील अध्यापन. त्यासाठीं विद्यापीठाची पदवी लागते, केवळ विशारद सर्वत्र चालत नाहीं. शिवाय कलकत्त्यास १९७७ सालीं स्थापन झालेल्या संगीत रिसर्च अकादमीसारख्या संस्थांत निवडक शिष्यांस विद्यावेतनासह गुरूजवळ राहतां येतें.

राहिलें ध्वनिमुद्रण. मुंबईच्या चित्रपटांत एके काळीं वादकांचे मोठे ताफे बसत. सिंथेसायझर आल्यावर त्यांतल्या कित्येकांचें काम गेलें. एकाच दारावर बसलेल्याची गत अशी होते. म्हणून दोन-तीन दारें उघडीं असावीं. कागदाच्या बाबतींतहि आमचे कलावंत भोळे. २०१२ सालच्या लेखाधिकार कायद्याच्या दुरुस्तीनें ध्वनिमुद्रणाच्या व्यापारी उपयोगांत गायक-वादकांना मानधनाचा वांटा मिळण्याचा हक्क दिला आहे. तेव्हां करारावर सही करण्यापूर्वीं तो वाचावा, न समजल्यास जाणत्यास दाखवावा. "मोठे लोक आहेत, काय वाचायचें !" ह्या भिडेपायीं पुष्कळांचें नुकसान झालेलें आहे.

इतकी सामग्री जमल्यावर आम्हीं त्या मुलीस बोलावलें. गाऊन दाखव असें म्हटलें नाहीं. गाण्याची परीक्षा करणारे आम्ही कोण? एवढेंच विचारलें कीं, "कोणी ऐकत नसतांना, परीक्षा नसतांना, तूं पहाटे किती वेळ खर्जांत बसतेस ?" तिनें थोडा विचार केला. "रोज तासभर ठरवतें," ती म्हणाली, "पण गेल्या महिन्यांत आठ दिवस चुकले, आजोबा." तिनें चुकलेले दिवस मोजून ठेवले होते, हें आम्हांस फार बरें वाटलें.

मग बापलेकींस समोरासमोर बसवून आम्हीं आमचें मत सांगितलें. पदवी पुरी करावी, कारण एकच वर्ष उरलें आहे आणि पुढें अध्यापनाचें दार त्याच किल्लीनें उघडतें. त्यानंतर पांच वर्षें वडिलांनीं तिला अन्न-वस्त्र द्यावें आणि "आतां पुढें काय ?" हा प्रश्न विचारूं नये. मुलीनें त्या पांच वर्षांत एका गुरूचें घर धरावें, दोन विद्यार्थी तरी शिकवावे, आणि आल्या-गेल्या पैशाची वही लिहावी. पांच वर्षांनीं उभयतांनीं ती वही व तो गळा दोन्ही पाहून ठरवावें. वर उल्लेखिलेलीं तेरा वर्षेंहि आम्हीं त्यांना सांगितलीं, म्हणजे पांचव्या वर्षीं कोणी घाई करणार नाहीं.

गृहस्थ कांहीं बोलले नाहींत. "विचार करतों" असें म्हणून उठले. त्यांच्या मनासारखे चार शब्द आमच्या तोंडून निघाले नव्हते, हें त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतें. मुलगी पुढें जिना उतरून गेली. ते चपला घालतांना थबकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "मास्तर, हल्लीं ती पेटींतल्या यंत्रावर सूर लावून बसते. खरा तंबोरा कोठें चांगला मिळेल हो ?"

आम्हीं सांगितलें, मिरजेस. तेथील सतार-तंबोऱ्यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे. मात्र तंबोरा पारखावयास मुलीलाच बरोबर न्यावें.