‘जे१’ आणि सा. न. वि. वि.

सिकंदराबादेत चार मराठी वृद्ध एकत्र जमले की पहिली पाच मिनिटे गुडघेदुखीवर जातात आणि उरलेला तास नातवंडांच्या भाषेवर. भ्रमणध्वनीवरील तुटक, अर्ध्या रोमन आणि अर्ध्या आकडी संदेशांनी मराठीचा गळा घोटला, असा निकाल एकमताने लागतो आणि मग चहा येतो. या निकालपत्रावर आजवर आम्हीही सही करीत आलो. ती सही आज आम्ही मागे घेत आहोत.

निमित्त घरचेच आहे. आमची नात शिक्षणासाठी परगावी असते. रोज रात्री तिचा संदेश येई. रोमन लिपीत ‘जे’ हे अक्षर, त्याला चिकटून एकचा आकडा आणि पुढे ‘झालं का आबा?’ हा ‘जे१’ म्हणजे कसला तरी परीक्षेचा क्रमांक असावा, अशा समजुतीने आम्ही काही दिवस गप्प राहिलो. पुढे चिडून, ‘नीट मराठीत लिहिता येत नसेल तर लिहू नकोस’, असे फर्मान काढले. फर्मानाची अंमलबजावणी तत्काळ झाली. दुसऱ्या दिवसापासून संदेश आले ते निर्दोष इंग्रजीत, आणि हळूहळू तेही विरळ झाले.

‘जे१’चा उलगडा सूनबाईंनी केला. ‘जे’पुढे इंग्रजी ‘वन’, म्हणजे जेवण! पोरगी रोज रात्री आम्हांस ‘जेवण झालं का?’ असे विचारीत होती, आणि आम्ही तिला शुद्धलेखन शिकवीत होतो. ‘ण’चा ‘न’ झाला, अशी हरकत कोणी घेईल. पण नांदेडकडच्या आमच्या आजीच्या तोंडीही ‘जेवन’च होते, आणि तिने वाढलेले कोणी अशुद्ध म्हणून नाकारल्याचे आम्हांस आठवत नाही. शिवाय हा विनोद ज्याला मराठी येते त्यालाच कळतो. ज्या कोटीचा उलगडा मराठीवाचून होत नाही, ती मराठीची मारेकरी कशी ठरते, हे आमच्या विद्वान मित्रांनी एकदा समजावून सांगावे.

संक्षेपाचे म्हणाल, तर आपल्याइतका संक्षेप कोणी केला? ‘ती. बाबांस सा. न. वि. वि.’ या मायन्याने आपल्या वाडवडिलांची पत्रे सुरू होत. साष्टांग नमस्कार घालायचा तो चार अक्षरांत आटोपून! मुलांना ‘अ. उ. आ.’, शेवटी ‘क. लो. अ.’, आणि लग्नपत्रिकेवर ‘चि. सौ. कां.’ आजही आहेच. आमची स्वतःची हयात सरकारी नोकरीत गेली. तेथे जी. ओ. एम. एस. वेगळा आणि जी. ओ. आर. टी. वेगळा, डी. ओ. पत्राचा सूर निराळा आणि यू. ओ. टिपणाचा निराळा. या अक्षरांचा अर्थ बाहेरच्याला कळत नसे. खरे सांगायचे तर त्यातच आमची ऐट होती. आपला कंपू आणि आपली परिभाषा ही माणसाची जुनी हौस आहे. ‘च’ची भाषा बोलून वडीलधाऱ्यांना चकवण्याचा खेळ आपल्यापैकी कोण खेळले नाही? महानुभावांनी तर आपले ग्रंथ सकळ लिपीत जतन केले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी संशोधकांनी तिची किल्ली मिळवली तेव्हा मराठी वाङ्मयाचे केवढे दालन उघडले! ती किल्ली शिव्या देऊन मिळालेली नाही.

इंग्रजांचेही तेच आहे. ज्या ‘ओएमजी’वर आपण नाक मुरडतो, तो अॅडमिरल फिशर यांनी चर्चिल यांना १९१७ साली लिहिलेल्या पत्रात आढळतो. ‘एलओएल’ आणि ‘ओएमजी’ या दोहोंना ऑक्सफर्डच्या कोशाने २०११ साली दारात घेतले. मात्र कोशात शब्द सापडला म्हणून अर्थ सापडतोच असे नाही. ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून ‘एलओएल’ म्हणजे ‘पुष्कळ प्रेम’ असे समजून आपल्या संदेशाखाली ते लिहीत असत, ही हकीकत २०१२ साली लेव्हसन चौकशीत उघड झाली. त्याचा मूळ अर्थ मोठ्याने हसणे. आज ते लिहिताना कोणी हसतही नाही. आपले ‘बरं का’ किंवा ‘हं’ जसे वाक्याची धार बोथट करते, तेच काम ते करते. उलट नुसते ‘के’ लिहिले तर ते ‘ठीक आहे’ नसून रुसवा असतो. नातवाने तेंडुलकरांना ‘गोट’ म्हटले तेव्हा आम्ही बकरी समजून संतापलो. तो बिचारा त्यांना सर्वकालीन सर्वश्रेष्ठ म्हणत होता. अर्थ अक्षरांत नसतो, तो बोलणाऱ्याच्या मनात असतो, आणि तो विचारावा लागतो.

या शहरात राहून तरी आपण रस्त्यावरच्या भाषेला हिणवू नये. मोंडा मार्केटातला भाजीवाला ‘नक्को’ म्हणतो, ‘ऐसाइच’ म्हणतो. तो ‘नको’ आणि तो ‘च’ मराठीने दख्खनीला दिलेले आहेत. कोणत्याही ठरावाने नव्हे, तर बाजारातल्या बोलण्याने ते शतके तगले. आज येथली मुले तेच ‘नक्को’ रोमन अक्षरांत एकमेकांना धाडतात. आपल्या प्रमाण मराठीतला एक तरी शब्द या शहराने इतक्या प्रेमाने सांभाळला आहे काय?

तर मग दोष नाहीच काय? आहे, पण तो आपल्या पदरात आहे. एके काळी रोमन लिपीला सबब होती. जुन्या भ्रमणध्वनीच्या एका संदेशात रोमन अक्षरे १६० मावत आणि देवनागरी अवघी ७०. मराठी लिपीत लिहिणे खिशाला महाग होते. आता ती अडचण उरलेली नाही. प्रत्येक यंत्रात देवनागरी आहे. तरीही मुले रोमन लिहितात, कारण त्यांना देवनागरी मराठी सराईतपणे वाचता येत नाही. आणि ती कोणी शिकवायची होती? १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपली घराणी येथे राहिली. त्या पिढीने मुलांना संध्याकाळी पाटीवर बाराखडी गिरवायला लावले. आपण शिकवणीची फी भरली आणि बाराखडी सोडून दिली.

याची किंमत पाहा. ‘त्या दोघांचा छत्तीसचा आकडा’, असे आम्ही परवा सहज म्हणालो. नातवाने विचारले, छत्तीसच का? त्याने कागदावर इंग्रजी आकडे मांडले. त्यात काहीच दिसेना. आम्ही ३६ लिहून दाखवले. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ फिरवून उभे! पोरगा खुदकन हसला. आजच्या चित्रचिन्हांच्या कितीतरी आधी आपल्या भाषेने काढलेले हे चित्र, आणि लिपी गेली की ते पुसले जाणार.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात दर्जा दिला. आपण पेढे वाटले. पण अभिजात भाषा दिल्लीत ठरते. जिवंत भाषा रात्री ‘जेवण झालं का?’ असे विचारणाऱ्याच्या आधाराने राहते. तेव्हा आमचे सांगणे एवढेच की, मुलांचा संदेश कसाही येवो, तो परत धाडू नये. न कळलेला शब्द त्यांनाच विचारावा. आणि उत्तर मात्र न चुकता देवनागरीत द्यावे. मुलांना टोकून आजवर एकही मूल मराठीकडे वळल्याचे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

नातीला आम्ही पहिला संदेश स्वतः धाडला: ‘जे१ झालं का?’ बऱ्याच वेळाने उत्तर आले, वेड्यावाकड्या देवनागरीत: ‘हो आबा, तूमचं?’ ‘तू’ दीर्घ पडला होता. आम्ही काही बोललो नाही.