चारची बैठक : एक नवा सूर, एक गोड घास



आमच्या अक्कलकोटात गोडाला बंदी घालणे ही सोपी गोष्ट नाही. गुरुवार उजाडला की वटवृक्ष मंदिराच्या वाटेवर भाविकांची रीघ लागते. सोलापूर-पुण्याकडचा कुणी पाहुणा दर्शनाला आला, की परतीच्या गाडीपूर्वी पेढ्यांचा पुडा घेऊन घरी डोकावतोच. प्रसादाला ‘नको’ म्हणू नये, हा संस्कार ज्यांच्या हाडीमाशी खिळला, नेमक्या त्याच पिढीच्या हातात आज रक्तातील साखरेचा रिपोर्ट आहे. मग घरोघरी एक मूक झटापट सुरू होते. सून डबा वरच्या फळीवर ठेवते, सासूबाई पाहुण्याने दिलेला पेढा पदराआड सारतात. कुणी कुणाला काही बोलत नाही. पुढच्या महिन्यात रिपोर्टच काय ते बोलतो.

गोडाबरोबर आणखी एक गोष्ट वृद्धांच्या हातून अलगद निसटते, ती म्हणजे गाणे. पूर्वी घरात रेडिओ एकच होता आणि तो सर्वांचा होता. आता प्रत्येकाचा मोबाइल वेगळा, कानातल्या बोंड्या वेगळ्या. नातीला काय आवडते हे आजोबांना ठाऊक नसते आणि आजोबांना काय आवडते हे विचारण्याची कुणाला गरज वाटत नाही. ‘त्यांची जुनी गाणी’ हे शब्द आपण इतक्या सहज वापरतो, की माणसाला सत्तरीनंतर नवे काही आवडू शकते, हेच विसरून जातो.

जिभेची आणि कानाची ही दोन सुखे एकाच वेळी काढून घेतली, तर उरलेला दिवस गोळ्यांच्या वेळांमध्ये वाटला जातो. म्हणून आजच्या लेखात एक साधी सूचना मांडतो. तिला आपण ‘चारची बैठक’ म्हणू.

चारच का?

दुपारची झोप झालेली असते, चहाची वेळ असते आणि दिवे लागणीला अवकाश असतो. स्मृतिभ्रंश असलेल्या अनेक वृद्धांना दिवस कलू लागला की अस्वस्थता येते. ती सुरू होण्यापूर्वीचा हा तास शांत आणि ओळखीचा गेला, तर पुढची संध्याकाळ पुष्कळदा हलकी जाते. रोज अर्धा तास पुरे. दोन गाणी, एक लहान वाटी आणि समोर बसलेले एक माणूस. गाणे निवडण्याची पाळी आळीपाळीने. आज आजीची, उद्या नातीची. ज्याची पाळी नाही त्याने ते शेवटपर्यंत ऐकायचे, मध्ये नाक मुरडायचे नाही. नियम एवढाच.

सध्या काय ऐकावे?

नव्या गाण्याकडे जाण्याचा सोपा मार्ग ओळखीच्या घरातून जातो. वसंतराव देशपांडे ज्यांनी ऐकले, त्यांनी त्यांचे नातू राहुल देशपांडे ऐकावेत. २०२२ साली आलेल्या ‘मी वसंतराव’ या चित्रपटात राहुल यांनी आजोबांची भूमिका केली आणि त्यातील गायनासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले, संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचे. २०१५ साली त्यावर चित्रपट झाला, तेव्हा अभिषेकीबुवांचे शिष्य महेश काळे त्यात गायले आणि राष्ट्रीय पुरस्काराचे मानकरी ठरले. आजोबांनी नाटकाच्या आठवणी सांगाव्यात, नातवाने चित्रपटातील पद लावावे. एकाच चालीवर दोन पिढ्या शेजारी बसतात.

ज्यांच्या घरात प्रल्हाद शिंदे यांच्या भक्तिगीतांनी पहाट झाली, त्यांनी आनंद शिंदे आणि मग आदर्श शिंदे असा क्रम लावून पाहावा. आजोबा, मुलगा आणि नातू या तिघांच्या आवाजातील समान धागा वृद्धांचा कान चटकन पकडतो. तरुणांच्या तो बहुधा लक्षातही येत नाही. येथे शिकवणारे आजोबा होतात, आणि ही भूमिका त्यांना फार दिवसांनी मिळालेली असते.

आपला तालुका सीमेवरचा. एकाच घरात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलली जाते. गदगच्या मातीतून आलेल्या पं. भीमसेन जोशी यांनी मराठीत संतवाणी गायली, तशी कन्नडमध्ये दासवाणीही. त्याच गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात पं. पुट्टराज गवई यांच्याकडे शिकलेले पं. व्यंकटेश कुमार आज सत्तरी ओलांडलेले आहेत. २०१६ साली ते पद्मश्रीने सन्मानित झाले. त्यांच्या तोंडची वचने ज्या अज्जीला आईच्या भाषेत ऐकायची आहेत, तिला ती जरूर लावून द्यावीत. हुबळीचे जयतीर्थ मेवुंडी यांचे अभंगगायनही या बैठकीत शोभून दिसते.

आणि नातीची पाळी आली की? मग ‘सैराट’ लागेल. हरकत नाही. नागराज मंजुळे आपल्याच जिल्ह्यातील जेऊरचे, चित्रपट करमाळ्याच्या परिसरातला, संगीत अजय-अतुल यांचे, साल २०१६. नात त्याहून लहान असेल तर २०२४ साली गाजलेली संजू राठोड यांची ‘गुलाबी साडी’ लागेल. आजींनी त्यावर खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या, पाय आपटले, तर तो व्यायामच आहे. ठेक्याच्या आधाराने पाऊल उचलणे सोपे जाते. पार्किन्सनच्या रुग्णांना चालण्याचा सराव देताना फिजिओथेरपिस्ट या गोष्टीचा जाणीवपूर्वक उपयोग करतात. मात्र तोल जात असेल तर उभ्याने ठेका धरू नये, आणि धरलाच तर कुणीतरी शेजारी असावे.

ऐकण्याचे पथ्य

वयानुसार प्रथम कमी होते ते उंच पट्टीचे ऐकणे. त्यामुळे आवाज येतो, पण शब्द फुटत नाहीत. अशा वेळी आवाज वाढवल्याने कल्लोळ मात्र वाढतो. त्यापेक्षा पंखा आणि दूरदर्शन बंद करावे, स्पीकर समोर दोन-तीन हातांवर ठेवावा आणि कमी वाद्ये असलेले गाणे निवडावे. श्रवणयंत्र असेल तर ते लावूनच बसावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो, त्याहून मोठ्या आवाजाला हा अवधी झपाट्याने कमी होतो. घरगुती खूण अशी : गाणे चालू असताना शेजारच्याशी नेहमीच्या आवाजात बोलता आले पाहिजे.

स्मृतिभ्रंशात नावे, तारखा, माणसे पुसट होत जातात, तरी तरुणपणी ऐकलेले सूर बराच काळ टिकून राहतात. मुलाचे नाव न आठवणारी आई गाण्याचे पुढचे कडवे बरोबर उचलते, हा अनुभव अनेक कुटुंबांना आला असेल. म्हणून अशा घरात रोजच्या दोन गाण्यांपैकी एक जुने ठेवावे. गाणे ऐकताना डोळ्यांत पाणी आले तर घाबरून लगेच बंद करू नये, हात हातात घेऊन बसावे. पण चेहऱ्यावर भीती किंवा चिडचिड दिसली, तर गाणे बदलावे. ‘एवढे चांगले लावले आहे, ऐका ना’ असा आग्रह करू नये.

वाटीत काय ठेवावे?

आता गोडाकडे वळू. गुळाविषयी एक गैरसमज आधी दूर करतो. गुळात थोडी खनिजे असली तरी त्याचा मोठा भाग साखरच असतो आणि रक्तातील साखर तो जवळपास तशीच वाढवतो. म्हणजे ‘गुळाचे आहे, खा पोटभर’ हे खरे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या सल्ल्यानुसार दिवसभरात वरून घातलेली साखर, गूळ, मध मिळून शक्यतो २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सुमारे पाच-सहा चमचे असावी. त्यात चहाचीही साखर आली. खालील पदार्थांत प्रत्येकी किती गोड पडते, ते म्हणूनच सांगितले आहे.

*ज्वारीच्या लाह्यांचे पीठ.* आजारातून उठलेल्याला देण्याचा हा जुना पदार्थ. तीन मोठे चमचे पीठ पाऊण वाटी कोमट दुधात गुठळी न होऊ देता कालवावे. एक चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम गूळ आणि वेलदोड्याची चिमूट घालावी. पाच मिनिटांत ते आळते. दात नसले तरी चालते, शिजवावे लागत नाही आणि गव्हाचे पथ्य असलेल्यांनाही चालते.

*खपली गव्हाची खीर, अर्थात आपली हुग्गी.* अर्धी वाटी सडलेला खपली गहू रात्रभर भिजवावा. सकाळी कुकरमध्ये मंद आचेवर सात-आठ शिट्ट्या करून मऊ शिजवावा आणि रवीने घोटावा. ४० ग्रॅम गूळ, थोडी सुंठ, जायफळ आणि भाजलेली खसखस घालून एक उकळी आणावी. दूध शेवटी, गॅस बंद करून खीर थोडी निवल्यावर घालावे, अन्यथा गुळाने ते फाटते. चार लहान वाट्या होतात, म्हणजे प्रत्येकी १० ग्रॅम गूळ. हा पदार्थ सणावारी किंवा आठवड्यातून एकदा करावा.

*शेंगदाण्याचा मऊ लाडू.* शेंगापोळी ही सोलापूरची ओळख, पण ती लाटायला हात लागतो आणि चावायला दात. तिची ही सोपी धाकटी बहीण. एक वाटी भाजून सोललेले शेंगदाणे अगदी बारीक कुटावेत. आठ-दहा बिनबियांचे खजूर गरम दुधात भिजवून कुस्करावेत आणि दोन्ही एकत्र मळून बारा लहान लाडू वळावेत. यात वरून गूळ नाही, तरी खजुरातही साखर असतेच, म्हणून एका वेळी एकच. दूध असल्याने लाडू शीतपेटीत ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावेत. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी शेंगदाणा आणि खजूर दोन्ही डॉक्टरांना विचारूनच खावेत.

*डाळिंब आणि दही.* सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते आपल्या वाटीत का नसावे? ताजे, गोड दही फडक्यात तासभर टांगावे, त्यात मूठभर डाळिंबाचे दाणे आणि वेलदोडा घालावा. साखर शून्य. चावता येत नसेल तर दाणे कुस्करून गाळणीतून दह्यात उतरवावेत.

अन्न गिळताना ठसका लागत असेल, तर कोरडा लाडू, अख्खे दाणे आणि चिक्की पूर्ण वर्ज्य समजावी. अशांना घट्टसर, एकजीव पदार्थच ताठ बसवून, लहान चमच्याने आणि सावकाश द्यावा. गाण्याच्या नादात घास भरवू नये. घास गिळून झाला, मग गाणे.

साखर उतरली तर

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना अचानक घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे दिसली, किंवा यंत्रावर आकडा ७०च्या खाली आला, तर लाडू वा पेढा शोधू नये. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. आकडा खालीच राहिला तर पुन्हा तेवढीच साखर द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. घरातील प्रत्येकाला, गाणी लावणाऱ्या नातीलाही, एवढे पाठ असावे.

बंदी नव्हे, वाटा

आता सेवा करणाऱ्यांसाठी दोन शब्द. डबा लपवल्याने साखर आटोक्यात येत नाही, विश्वास मात्र जातो. त्यापेक्षा उघड ठरवावे : चारच्या बैठकीला ही वाटी तुमची, हक्काची. पाहुण्यांचा पेढा आला तर एकाचे चार तुकडे करून चौघांनी घ्यावेत आणि त्या दिवशी दुसरे गोड नको. प्रसादाला मान आहे, तो कणाने कमी होत नाही. ज्याला रोज चार वाजता आपला वाटा नक्की मिळणार आहे, त्याला पदराआड काही सारण्याचे कारण उरत नाही.

वय फार झाले असेल, शरीर खंगले असेल, तर पुष्कळदा डॉक्टरच साखरेची मर्यादा सैल करतात. अशा वेळी कडक पथ्याने मिळणाऱ्या लाभापेक्षा साखर एकदम उतरण्याचा धोका मोठा असतो. ‘आईंना आता कितपत सूट द्यावी?’ हा प्रश्न पुढच्या भेटीत स्पष्ट विचारावा. अखेरच्या काळात दोन चमचे हुग्गी आनंदाने खाणारे माणूस आणि पथ्याच्या वाटीकडे पाठ फिरवणारे माणूस, यांत आपल्याला कोण हवे, याचा विचार वेळीच केलेला बरा. मागाहून ‘द्यायला हवे होते’ असे म्हणणारी माणसे पुष्कळ भेटतात.

आणि बैठकीतील एक पाळी तुमचीही असू द्या. दिवसभर दुसऱ्याच्या गोळ्या मोजणाऱ्या सुनेला, मुलाला, मावशींना स्वतःला काय आवडते, हेही कधीकधी आठवेनासे होते. तुमच्या आवडीचे गाणे लागेल तेव्हा सासूबाईंनी ते मुकाट ऐकायचे आहे. नियम सर्वांना सारखा.

येत्या पंधरवड्यात एका वहीत रोज तीनच गोष्टी लिहा : कोणते गाणे, कोणती वाटी, आणि त्यानंतरची संध्याकाळ कशी गेली. साखर तपासत असाल तर आकडाही शेजारी टिपा. डॉक्टरांना ही वही दाखवली, तर गोडाचा वाटा किती असावा हे ठरवायला त्यांना नेमका आधार मिळेल.