‘दम’ आपलाच आहे

मराठी शाळेसाठी शब्दांची यादी करायला बसले, की ‘दम’ या शब्दावर कुणीतरी बोट ठेवतेच. फारसी आहे, त्याऐवजी मुलांना ‘धाप’ शिकवा, असा आग्रह असतो. तो भाषेवरच्या प्रेमापोटी होतो, हे मला मान्य आहे. पण तो चुकीचा आहे, आणि छत्रपती संभाजीनगरजवळचा देवगिरी चढून गेलेल्या माणसाला तर तो पटूच नये.

खंदक ओलांडून अंधारीच्या भुयारी वाटेत शिरले, की हाताला गार कातळ लागतो आणि पायाखालच्या उंचसखल पायऱ्या चाचपडत जावे लागते. उजेडात आल्यावर चढ पुन्हा समोर उभाच. गणपतीच्या देवळापाशी येईतो सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य येते, ‘थांब जरा, दम लागला.’ बारादरी अजून वरच असते. मागून कुणीतरी सांगते, ‘दमानं घ्या.’

याच देवगिरीला १३२७ साली महंमद तुघलकाने राजधानी आणली आणि तिचे दौलताबाद केले. पुढे कित्येक शतके फारसी ही या मुलखात दरबाराची आणि कागदपत्रांची भाषा होती. निजामशाहीत या किल्ल्यावर अधिकारी होते जनार्दनस्वामी, आणि त्यांच्या पायाशी बसून शिकले पैठणचे एकनाथ. नाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्याच नाथांनी ‘अर्जदस्त’ नावाचे भारूड लिहिले आणि दरबारी अर्जाचा फारसी थाट थेट देवापुढे नेऊन ठेवला. ज्ञानेश्वरीचा पाठ अक्षर-अक्षर तपासणाऱ्या माणसाला फारसी शब्दांचा विटाळ झाला नाही, मग आपल्याला का व्हावा?

‘धाप’ हा सुरेख शब्द आहे, पण तो ‘दम’चे काम करू शकत नाही. धाप दिसते, ऐकू येते. तोंड उघडे, छाती वरखाली. दम हा आत साठवलेला असतो. तो लागतो, संपतो, खाता येतो, धरताही येतो. धाप कुणी धरून दाखवावी! ‘एका दमात’, ‘दमछाक’, ‘दमदाटी’, ‘दमदार पाऊस’ हा सगळा गोतावळा त्या एका अक्षरजोडीवर मराठीने उभा केला आहे.

शिवाय फारसी ‘दम’ म्हणजे श्वास, फुंकर. संस्कृतातल्या फुंकण्याच्या ‘धम्’ या धातूशी त्याचे सख्खे नाते आहे. त्याच धातूतून ‘धमनी’ आली. नाते नसते तरी माझे मत बदलले नसते, पण परका म्हणून हाकलताना घराणे तरी पाहावे.

आपली मुले ज्या इंग्रजीत वाढतात तिच्याकडेही बघा. धापा टाकण्याला तिथे ‘पँट’ म्हणतात. हा शब्द ग्रीक ‘फँटासिया’पासून लॅटिन आणि जुन्या फ्रेंचमधून आला, वाईट स्वप्नाने छाती दडपणे असा त्याचा मधला अर्थ. ‘फँटसी’ त्याची बहीण. ‘अस्थमा’ही ग्रीकच. हे शब्द परके म्हणून इंग्रजी शाळेतून काढा, असे कुणी म्हणत नाही.

फारसी शब्दांना पर्याय देणाऱ्या शिवाजी महाराजांच्या राज्यव्यवहारकोशाचा दाखला मला नेहमी दिला जातो. तो कोश थोरच आहे. पण राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग अशा त्याच्या दहा वर्गांतले शब्द मुख्यतः राज्यकारभाराचे आहेत. स्वराज्याचा कारभार स्वभाषेत चालावा हा त्याचा हेतू. सावरकरांनी ‘महापौर’सारखे शब्द घडवले तेही नव्या गरजांसाठी, आणि ते आपण आनंदाने वापरतो. नवे शब्द जरूर घडवा. गड चढताना आजीच्या तोंडून आपोआप निघतो तो शब्द मात्र काढू नका.

यंदाची यादी करणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे: ‘धाप’, ‘उसासा’, ‘सुस्कारा’, ‘हुंदका’ हे सगळे शिकवा, आणि त्यांच्या शेजारी ‘दम’ही ठेवा.