ताटात नसलेला कांदा धड्यात हवाच



आपल्यातल्या काही जणी मुलांना घरीच शिकवतात. पुढच्या पाच-सहा वर्षांचा इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र कसे आखले ते दाखवायला त्या वह्या घेऊन येतात. वह्या दोन प्रकारच्या असतात, आणि स्पष्टच सांगते, दोन्ही मला पटत नाहीत.

पहिल्या वहीत त्रेसष्ट शलाकापुरुष, मग सम्राट खारवेल, कुमारपाळ, भामाशाह आणि सुट्टीत तीर्थयात्रा. सगळे सुंदरच. पण सहा वर्षांत आपल्याखेरीज दुसरा माणूस म्हणून नाही! दुसऱ्या वहीत परदेशी पुस्तकसंच. चार वर्षांची फेरी: प्राचीन, मध्ययुगीन, त्यानंतरचा, आधुनिक, मग पुन्हा पहिल्यापासून. मुलाला नाईल नदी पाठ, आणि गंगापूर धरणाचे पाणी पुढे जायकवाडीला सोडताना नाशिककर आणि मराठवाडा का भांडतात, हे ठाऊक नाही.

शाळेतल्या मुलाच्या बाकावर कुणीतरी वेगळे बसलेले असते. त्याचा डबा वेगळा, देव वेगळा, घरची भाषा वेगळी. आपल्या मुलांना तो बाकच नाही. म्हणून बाकावर जो भेटला असता, तो धड्यात भेटलाच पाहिजे. घरी शिकवणाऱ्या आईची ही जबाबदारी शाळेपेक्षा जास्त आहे.

पांडवलेणीच घ्या. “ती बौद्धांची, आपण गजपंथला जाऊ,” असे मला सांगतात. गजपंथला जाच. पण पांडवलेणीच्या १० क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापणे गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवली. त्यातल्या २००० वर महिना एक टक्का व्याज. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापणे द्यायची. मुलाला मांडायला सांगा: वर्षाचे व्याज २४०, आणि वीस बारे २४०. हिशेब चोख! चातुर्मास, दान, ठेव, व्याज हे सगळे आपल्याच घरातले शब्द आहेत. मग लेणी दुसऱ्यांची म्हणून वगळायची कशी? आणि विणकरांवरून पुढे येवल्याची पैठणी आणि मालेगावचे यंत्रमाग दाखवा. मालेगाव मुलांना फक्त बातम्यांतून कळू देऊ नका.

आता कांदा. आपल्या ताटात तो नाही, पण आपला जिल्हा त्यावर जगतो. १९८० साली शरद जोशींच्या हाकेला शेतकरी कांदा-उसाच्या भावासाठी रस्त्यावर उतरले, ते याच जिल्ह्यात. लासलगावच्या लिलावाला मुलांना न्या. भाव पडला की शेतकरी काय म्हणतो आणि व्यापारी काय म्हणतो, दोघांचे ऐकू द्या. कंदमूळ न खाणे हे आपले व्रत आहे. ते पिकवणाऱ्याची ओळख नसणे हे व्रत नव्हे.

सगळ्यात जास्त वगळला जातो तो काळाराम मंदिराचा सत्याग्रह. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तो सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांनी पुढे काही वर्षे नेटाने चालवला. दार उघडले नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. “मुले लहान आहेत, नको ते प्रश्न विचारतात,” असे म्हणतात. विचारतीलच! तेव्हा आपली दुकाने, आपली मंदिरे कुणाला उघडी होती, हेही विचारतील. विचारू द्या. पाठशाळेत अनेकांत तोंडपाठ करून घ्यायचा आणि दुसरी बाजू कानावरच पडू द्यायची नाही, हा कुठला अनेकांत?

तर आखणी अशी करून पाहा. आठव्या वर्षी गल्ली, बाजार, गोदावरी आणि धरण. नवव्या वर्षी पांडवलेणी, अंकाई-टंकाईची जैन लेणी, वेरूळ. दहाव्या वर्षी यादव, मराठे आणि चांदवडचा रंगमहाल. अकराव्या वर्षी इंग्रजी अंमल, १९०९ चा जॅक्सन वध, काळाराम, स्वातंत्र्य. बाराव्या वर्षी संविधान, महापालिका, बाजार समिती. तेराव्या वर्षी जग. तेव्हा नाईलही येऊ दे. चौदा पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावीची परीक्षा देता येते, म्हणजे घाई कशाचीच नाही. धर्माचा स्वाध्याय रोज चालू राहीलच, त्याची जागा कुणी घेत नाही.

वही पुन्हा उघडा. प्रत्येक वर्षापुढे एक प्रश्न लिहा: या वर्षी माझे मूल आपल्याबाहेरच्या कोणत्या माणसाला भेटणार? ज्या वर्षापुढे उत्तर नाही, ते वर्ष पुन्हा आखा.